साडभाऊंचा नांगर

जमिनीवर ठाम राहणं कुणालाही जमतं; पाय रोवायला खाली काहीतरी असतं. पण खाली दोन पुरुष पाणी, वर उघडं आभाळ आणि काठावर उभे राहून सगळे नातेवाईक 'या ना बापा आता घरी' म्हणताहेत, अशा स्थितीत जो दोन वर्षं आपल्या जागेवरून हलला नाही, असा माणूस उभ्या गोंदिया जिल्ह्यात एकच झाला आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. नात्याला 'भाऊ' जोडला की गोडवा येतो अशी एक समजूत आहे. माझ्या वाट्याला गोडवा थोडा आला आणि रविवार सगळे गेले. मी तिरोड्याला शाळेत मास्तर आहे, साडभाऊंची शिडाची होडी बोदलकशाच्या तलावात उभी असते, आणि मधलं अंतर सायकलनं कापण्यात माझी उमेदीची वर्षं नसली तरी गुडघे खर्ची पडले.

साडभाऊ वीज खात्यात लाइनमन होते. तेहतीस वर्षं त्यांनी एकच प्रश्न ऐकला, 'लाईन कवा येते?' जेवताना ऐकला, न्हाताना ऐकला. सासऱ्यांच्या दहाव्याला आम्ही कावळ्याची वाट पाहत हात जोडून उभे होतो, तेव्हा एका अनोळखी माणसानं पलीकडच्या काठावरून ओरडून विचारला. त्यांच्या स्वतःच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी लाईट गेली. नवरदेव बाशिंगासकट खांबावर चढले. माझी मेहुणी, जिला माझी बायको बाई म्हणते आणि म्हणून मीही बाईच म्हणतो, तेवढा वेळ दोन्ही हातांत हार धरून पाटावर उभी राहिली. सासरे सांगायचे की लाईन आली तेव्हा सगळ्या वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत, कारण हात गुंतलेले होते. हा प्रसंग त्या दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला न चुकता सांगतात, आणि साडभाऊ दर वर्षी तो पहिल्यांदा ऐकत असल्यासारखे ऐकतात.

निवृत्तीच्या दिवशी गळ्यातला हार काढून ठेवत साडभाऊंनी जाहीर केलं की आता जिथं तार नाही तिथं राहायचं. आम्हाला वाटलं, माणूस भावनेच्या भरात बोलतो आहे. हा माणूस भरात कधी बोलतच नाही, हे आम्हाला कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते तार नसलेली जागा शोधायला निघाले. जिल्हा पालथा घातला. दरेकशाच्या त्या एवढ्याशा स्टेशनावर उतरून डोंगरात शिरले, अर्धा तास चालले, एका मोहाच्या झाडाखाली टेकले, तोच शेळ्या घेऊन निघालेल्या माणसानं निरखून पाहिलं आणि विचारलं, तुम्ही ते लाइनमन ना, आमच्या डीपीचं काही होते का? साडभाऊ संध्याकाळच्या गाडीनं परत आले. खांब कुठं रोवता येत नाही याचा त्यांनी आठवडाभर शास्त्रशुद्ध विचार केला आणि उत्तर एकच आलं. पाण्यात.

होडी त्यांना नागपुरात एका भंगारवाल्याकडे मिळाली. कुणी हौशी माणसानं कधीतरी आणलेली, एक खोली मावेल एवढी, वर डोलकाठी, गुंडाळलेलं शीड, बुडाला एक भोक. भोक साडभाऊंनी बुजवलं. डोलकाठीला ते अजूनही खांबच म्हणतात आणि सेफ्टी बेल्ट लावल्याशिवाय तिच्यावर चढले नाहीत. होडी ट्रकवर चढवताना भंगारवाला म्हणाला होता, 'लंगर इसका अलग से करना पड़ेगा.' गोंदियाकडच्या माणसाला हिंदी समजावून सांगावी लागत नाही, हीच इथं अडचण झाली. लंगर म्हणजे पंगत. नवी वस्तू पाण्यात उतरवायची तर चार माणसं जेवू घालावीत, यात साडभाऊंना काहीच वावगं वाटलं नाही. त्यांनी काठावर चुली मांडल्या, लाखोरीची डाळ, भात आणि वांग्याची भाजी केली, निम्मं गाव जेवून गेलं. मग होडी पाण्यात सोडली, एका मोठ्या दगडाला बांधली आणि आम्ही सगळे समाधानानं घरी गेलो. सकाळी होडी दगडासकट पलीकडच्या काठाला बेशरमाच्या झुडपात जाऊन पडली होती.

तेव्हा साडभाऊंनी फोन लावला. त्यांचे एक जुने साहेब कोकणातले, इकडे बदलीवर येऊन गेलेले. समुद्राकाठचा माणूस, होडीतलं त्याला कळणारच. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, 'नांगर टाकला नव्हतात?' साडभाऊंनी विचारलं, नांगर? साहेब म्हणाले, नांगर म्हणजे काय, नांगरच. तो टाकल्याशिवाय होडी सोडायचीच नाही. आता समुद्राकडे होडी जागच्या जागी धरून ठेवायला पाण्यात सोडतात त्या लोखंडी आकड्याला नांगर म्हणतात आणि हिंदीत त्यालाच लंगर, हे मला माहीत होतं, कारण मी मास्तर आहे; पण मला कुणी विचारलं नाही. धानाच्या मुलखात नांगराला दुसरा अर्थ नाही. साडभाऊ घरी आले, वऱ्हांड्यातला लोखंडी नांगर खांद्यावर घेतला, त्याच्या इसाडाला, म्हणजे पुढच्या लांब दांड्याला, जाड दोर बांधला आणि तलावात सोडून दिला. होडी जी थांबली ती थांबली. पुढं कुणीतरी मोबाईलवर चित्र दाखवलं की परदेशात अगदी नांगराच्या फाळासारखेच आकडे होड्यांना लावतात आणि चिखलात त्याहून चांगलं काही नाही. साडभाऊंनी चित्र पाहिलं, मोबाईल परत दिला आणि म्हणाले, 'मंग मी काय करून राहिलो?'

पण तो नांगर त्यांचा नव्हता, सासऱ्यांचा होता. सासऱ्यांना मुलगा नाही, दोन मुलीच. बैल विकले आणि धानाच्या बांध्यांत ट्रॅक्टर फिरायला लागला, तेव्हा त्यांनी आपल्या वस्तू वाटल्या. मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते तेव्हाही बंद होतं. थोरल्या जावयाच्या घरी नांगर गेला. खरं तर तो जावयाला दिला नव्हता, मुलीला दिला होता. बाई लहानपणी बापाच्या मागं मागं नांगराच्या तासातून चालायच्या. सासऱ्यांच्या हातानं त्या नांगराची मूठ घासून गुळगुळीत झाली होती, आणि त्या मुठीत हात घातला की बाईंना अजून बापाचा हात लागतो, असं त्या एकदाच माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे अक्ती म्हणतात. दर अक्तीला बाई त्या नांगराला तेल लावीत, हळदकुंकू वाहत, आणि तो दिवस कुणाशी फार बोलत नसत.

नांगर पाण्यात गेला तेव्हा बाई मुलीच्या बाळंतपणाला रायपूरला होत्या. महिन्यानं परत आल्या, पिशवी खाली ठेवली आणि वऱ्हांड्याचा कोपरा पाहिला. मी तिथं हजर होतो, म्हणून संभाषण शब्दशः सांगू शकतो.

"नांगर कुठी हाये?"

"टाकला."

"कुठी टाकला?"

"पान्यात."

"कायले?"

"सायबानं सांगतलं."

बाई पिशवी उचलून आत गेल्या. त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं साडभाऊ मला नंतर म्हणाले. त्यांनी लगेच जाऊन नांगर काढायचा प्रयत्न केला. ढीवर मोहल्ल्यातले म्हातारे कका, ज्यांचं सगळं आयुष्य या तलावात जाळं टाकण्यात गेलं, ते आपला डोंगा घेऊन आले, आणखी तीन डोंगे आले. आठ माणसांनी दोर ओढला. नांगर वर येण्याऐवजी डोंगे खाली जायला लागले. ककांनी बुडी मारली, वर आले, तोंडावरचं पाणी पुसलं आणि म्हणाले, 'सोडत नाई बापा. खाली जुन्या झाडाचं खोड हाये, त्याच्या जडीत गुतला.' तिन्हीसांजा होईपर्यंत ओढाओढी चालली. काठावर बाई उभ्या होत्या. शेवटी त्यांनी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माह्या बापाचा नांगर जोपर्यंत पान्यात हाये, तोपर्यंत मी तुमच्या त्या डोंग्यावर पाय ठेवनार नाई." आणि घरी निघून गेल्या. शिडाच्या होडीला डोंगा म्हटलेलं साडभाऊंना जास्त लागलं की बाकीचं, हे सांगता येत नाही.

मी त्यांना सरळ मार्ग सुचवला. म्हटलं, दोर कापा, होडी विका, घरी चला, बाईंची माफी मागा. साडभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की शाळेत मी ज्या नजरेनं मुलांकडे पाहतो ती नजर मला ओळखू आली. "दोर कापला तं नांगर गेला," ते म्हणाले. "एवढ्या पान्यात मंग कोन कुठी शोधन? मी इथं हाओ, तोपर्यंत नांगराचा पत्ता हाये." म्हणजे तारेला कंटाळून पाण्यात गेलेला हा माणूस आता एका दोराला बांधला गेला होता. तो उठून आला तर नांगर हरवणार, आणि नांगर पाण्यात आहे तोवर बाई होडीवर येणार नाहीत. हे कोडं मी दहावीच्या हुशार मुलांना घातलं असतं तरी सुटलं नसतं.

आणि त्यातून साडभाऊंचा पाण्यावरचा संसार सुरू झाला. पाण्यावर राहणं म्हणजे चोवीस तास पाणी, अशी कुणाची कल्पना असेल तर ती साफ चुकीची आहे. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. प्यायचं पाणी काठावरच्या हातपंपावरून कॅनमधून न्यायचं. न्यायचं कशातून, तर सडक अर्जुनीच्या हायवेवर पंक्चरवाल्याकडून आणलेल्या ट्रकच्या ट्यूबमधून. ट्यूबवर पाट, पाटावर मांडी घालून साडभाऊ, डोक्यावर काळी छत्री, मांडीवर पाण्याची कॅन, आणि हातात वल्हं म्हणून धान पाखडायचं जुनं सूप. सकाळी सकाळी ही स्वारी काठाकडे निघाली की पाणपक्षी उडत नसत, नुसते बाजूला होत. सकाळचा विधी हा काठावरच, त्यामुळे वारा उलटा असला की साडभाऊंना अर्धा तास आधी निघावं लागे. एकदा वाऱ्यानं ट्यूब तिसऱ्याच दिशेला नेली आणि ते सरळ पाखरांचे फोटो काढायला आलेल्या पाहुण्यांच्या मधोमध उतरले. पाहुण्यांनी त्यांचेही फोटो काढले. साडभाऊ घाईत असूनही थांबले, कारण छत्री मिटवायला वेळ लागत होता.

दुसरी अडचण वस्तू पडण्याची. घरात वस्तू पडली की उचलता येते. होडीत वस्तू पडली की ती पडलीच. पहिल्या सहा महिन्यांत साडभाऊंचे दोन चष्मे, तीन पकडी, एक ट्रान्झिस्टर, डाव्या पायाची चप्पल आणि बाईंच्या स्टीलच्या डब्याचं झाकण तळाला गेलं. झाकणाचं त्यांनी अखेरपर्यंत कबूल केलं नाही. माकडानं नेलं म्हणाले. उजव्या पायाची चप्पल मात्र जपून ठेवली. कशाला, विचारलं तर म्हणाले, जोडी पुरी व्हाची आशा हाये.

तिसरी अडचण तोंडाची. एकाच दोराला बांधलेली होडी वारा येईल तशी फिरते. सकाळी दार एका गावाकडे, दुपारी जंगलाकडे, संध्याकाळी धरणाच्या भिंतीकडे. मतदार यादीचं काम घेऊन आलेल्या मास्तरांनी, म्हणजे मीच, कारण ते काम आम्हा मास्तरांनाच असतं, काठावरून घराचा पत्ता विचारला. साडभाऊंनी उत्तर दिलं, हवा पाहून लिहा. तलावाचा चौकीदार एकदा येऊन म्हणाला की इथं राहायची परवानगी नाही. साडभाऊंनी त्याला समजावलं की आपण राहत नसून अडकलेलो आहोत, आणि हवं तर दोर ओढून पाहा. चौकीदारानं सज्जन माणूस असल्यामुळे ओढून पाहिला. त्यानंतर तो कधी आला नाही.

आणि शीड. ते शीड साडभाऊंनी एकदाही वाऱ्यावर उघडलं नाही. माझ्या पुतणीच्या लग्नात मांडव म्हणून ते दोन दिवस बांधलं होतं, एरवी बाईंच्या मूगवड्या वाळवायला न्यायचे. होडी चालवत का नाही, असं विचारलं तर म्हणत, जाचंच असतं तं सायकल का वाईट होती?

आता मूगवड्या बाईंच्या कशा, तर भांडण असलं तरी डबा रोज येत होता. काठावर एक मोहाचं झाड आहे. त्याच्या खालच्या फांदीला बाई सकाळी डबा अडकवून जायच्या. साडभाऊ ट्यूबवर बसून तो न्यायचे, धुऊन परत फांदीला लावायचे, आणि रिकामा कधीच लावायचे नाहीत. कधी शिंगाडे, कधी ककांनी दिलेली साफ केलेली मासोळी, कधी कमळकाकड्या. भाजीत मीठ जास्त पडलं की समजावं घरी त्या दिवशी वऱ्हांड्याकडे कुणाचं लक्ष गेलं. दोघांमध्ये बोलणं बंद होतं आणि तोच माझा रविवार. मी झाडाखाली उभा. एका बाजूला बाई, समोर दोनशे हातांवर होडीत साडभाऊ. पाण्यावरून आवाज कसा स्वच्छ येतो हे तलावाकाठच्या माणसाला सांगायला नको. दोघांनाही एकमेकांचा शब्द न शब्द ऐकू जात होता. तरीही बाई मला म्हणायच्या, सांगा त्यायले, पेन्शनच्या कागदावर सही पाहिजे. मी ओरडून सांगायचो. साडभाऊ म्हणायचे, सांगा तिले, कागद डब्यात घाल. मी वळून बाईंना सांगायचो. शाळेत आठवडाभर ओरडायचं आणि रविवारी इथं. एकदा माझा घसा बसला, तर तो रविवार तिघंही नुसते उभे राहिलो, आणि जायच्या वेळी बाई झाडाकडे बघत म्हणाल्या, खोकल्यावर जेठीमध चघळत जा. मला म्हणाल्या असं मी समजत होतो. खोकला साडभाऊंना झाला होता, हे घरी आल्यावर बायकोनं सांगितलं.

होडीच्या आत मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा मला मळमळलं आणि तिन्ही वेळा साडभाऊंनी मला लिंबू देण्याआधी बाहेर नेलं. आत खोलीच्या दोन्ही बाजूंना एकेक झोपायची फळी. एकीवर त्यांचं अंथरूण. दुसरीवर स्वच्छ धुतलेली चौकड्यांची चादर, उशाला उशी, आणि भिंतीला एक छोटा आरसा, बरोबर बाईंच्या उंचीला. मला भोवळ आली म्हणून मी त्या फळीवर टेकायला गेलो, तर साडभाऊ दंडाला धरून म्हणाले, तिथं नोका बसू, सामान हाये. सामान काही नव्हतं. मी खाली चटईवर बसलो. त्या दिवसानंतर मी त्यांना घरी चला म्हणणं सोडून दिलं.

पहिल्या उन्हाळ्यात पाणी ओसरायला लागलं तशी साडभाऊंनी ककांकडून जादा दोर आणून जोडला. होडी पाण्याच्या मागं आत सरकली. नांगर कमरेएवढ्या पाण्यात राहिला; पाण्याखाली कुदळ चालेना आणि मुळी त्याला सोडेना. बाईंनी त्या अक्तीला रिकाम्या कोपऱ्यात कुंकू वाहिलं.

दुसऱ्या वर्षी पाऊस बेताचाच झाला होता आणि चैतातच तलाव पोटाशी गेला. एका दुपारी वावधन सुटलं. आमच्याकडे उन्हाळ्यात अचानक असा वारा येतो की कौलं आणि पत्रे यांचा काही भरवसा राहत नाही. मी सुटीमुळे बाईंच्या घरीच होतो. आभाळ काळं झालं तशा बाई हातातला पोळपाट तसाच घेऊन निघाल्या आणि अनवाणी धावत काठावर आल्या, मी मागं. ककांचा डोंगा उलटा होऊन बांधाला लागला होता. चौकीदाराच्या खोलीचा पत्रा पाण्यावर तरंगत होता. झाडाची फांदी मोडली होती, डब्यासकट. आणि मधोमध साडभाऊंची होडी नाकानं वाऱ्याला भिडून उभी. हलत होती, उसळत होती, पण जागा सोडत नव्हती. दोर तारेसारखा ताणला होता. साडभाऊ डोलकाठीला सेफ्टी बेल्ट लावून बसलेले दिसत होते. बाई पोळपाट छातीशी धरून शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. वारा पडला, साडभाऊंनी हात वर केला, तेव्हा त्या खाली बसल्या.

"बाबाचा हात घट्ट होता," त्या म्हणाल्या. हे मला सांगायचं होतं की तिकडे पोचवायचं होतं, मला कळलं नाही. मी ओरडलो नाही.

त्यानंतर पाणी रोज दहा-दहा हात मागं जायला लागलं. मी झाडाखालून साडभाऊंना ओरडून सांगितलं, दोर वाढवा, नाहीतर होडी चिखलात बसेल. त्यांनी दोर वाढवला नाही. उलट रोज थोडा थोडा गुंडाळत गेले, आणि होडी नांगराच्या थेट डोक्यावर आणून उभी केली. मी दुसऱ्या रविवारी परत ओरडलो. तेव्हा ते ट्यूबवर बसून माझ्याजवळ आले, छत्री मिटवली आणि हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, तिनं काय म्हटलं होतं? नांगर पान्यात हाये तोपर्यंत. मी नांगर काढू शकत नाई. पानी तं आपल्यानंच चाललं हाये. त्याले कायले आडवू?"

तेहतीस वर्षं लोकांनी ज्याला 'कवा येते' विचारून छळलं, तो माणूस काहीतरी जाण्याची वाट पाहत बसला होता, आणि अगदी निवांत बसला होता.

अक्तीच्या चार दिवस आधी होडी तळाला टेकली आणि एका बाजूला कलली. आतलं सगळं कललं. साडभाऊ भिंतीवर पाय ठेवून चहा करायला शिकले. मग पाणी पन्नास हात पलीकडे गेलं आणि भेगाळलेल्या चिखलात होडीशेजारी नांगर उघडा पडला. फाळ जुन्या खोडाच्या मुळीत रुतलेला, मूठ वर, मुठीवर शेवाळ वाळून पांढरं झालेलं.

अक्तीला सकाळी बाई निघाल्या. हातात ताट, ताटात हळदकुंकू, तेल, नारळ. मागं मी आणि माझी बायको. कका आणि त्यांच्याकडची दोन माणसं कुदळ-फावडी घेऊन आधीच येऊन बसली होती; आता नांगर काढणं म्हणजे तासाभराचं काम होतं. काठापासून होडीपर्यंत तलावाचा तळ कोरडा. बाई चालता चालता थांबल्या, वाकल्या. चष्मा होता. पुढं पक्कड. मग ट्रान्झिस्टर. मग दुसरा चष्मा. त्या एकेक वस्तू उचलून पदरात टाकत चालल्या होत्या, आणि ताट मात्र जराही कललं नाही. मध्येच त्यांनी एक झाकण उचललं, उलटंसुलटं पाहिलं आणि होडीकडे पाहिलं. साडभाऊ पाहत होते. त्यांनी मान खाली घातली.

बाईंनी नांगराच्या मुठीवरचं शेवाळ पदरानं पुसलं. तेल लावलं, कुंकू लावलं, नारळ फोडला. मुठीत हात घालून बराच वेळ उभ्या राहिल्या. ककांनी कुदळ उचलली आणि विचारलं, काढू का, बाई?

मी साडभाऊंकडे पाहिलं. नांगर निघाला की बाईंचा हट्ट पुरा होणार, तो वऱ्हांड्यात जाणार. आणि पाणी आलं की होडीला धरायला काही उरणार नाही. दोन वर्षं ज्याच्यासाठी काढली ते एका कुदळीच्या घावावर आलं होतं. साडभाऊ निदान माझ्यामार्फत निरोप देतील असं वाटलं, तसंही झालं नाही.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "तिकडं तं कोपऱ्यात गंजूनच राहिला होता. इथं त्याले काम हाये."

मग त्यांनी पदरातल्या वस्तू होडीच्या कडेवर एकेक मांडल्या, डाव्या पायाच्या चपलेसकट, आणि म्हणाल्या, "आता पान्यात नाई हाये ना?" साडभाऊंनी नुसती मान हलवली. बाईंनी कडेला हात धरला, पाय वर टाकला आणि आत गेल्या. आतून त्यांचा पहिला शब्द आला, "घर तिरपं हाये." आणि थोड्या वेळानं, जरा वेगळ्या आवाजात, "हा आरसा कवा लावला?" साडभाऊंनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्यामार्फत उत्तर दिलं नव्हतं.

बाई आठ दिवस राहते म्हणाल्या होत्या. कललेल्या बाजूला त्यांनी दगडांच्या थप्प्या लावून घर सरळ करून घेतलं. बघता बघता पाणी आलं, दगड बुडाले, होडी उचलली गेली, नांगर परत खाली गेला. बाई उतरल्या नाहीत. पाय पुन्हा ठेवायचा प्रश्नच आला नाही. ठेवलेला होता तो फक्त उचलला नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरात याला कायदेशीर म्हणतात.

परवाच्या रविवारी मी सवयीनं सायकल काढली. तलाव काठोकाठ भरला होता. मोहाला नवी फांदी फुटली आहे, पण तिला डबा नव्हता. दोनशे हातांवर होडी हवेबरोबर हळूहळू फिरत होती आणि डोलकाठीला बाईंचं हिरवं लुगडं वाळत होतं. दोघं कडेला पाय सोडून बसले होते. साडभाऊंच्या पायांत दोन्ही चपला होत्या. काहीतरी बोलत होते, आणि इतक्या हळू की पाण्यावरूनही माझ्यापर्यंत आलं नाही. मी हाक मारली. साडभाऊंनी हात वर केला, बाईंनीही केला. मी झाडाखाली आपल्या नेहमीच्या जागी उभा राहिलो, घसा साफ केला, आणि बराच वेळ थांबलो. इकडचं तिकडं सांगायला मला कुणी काही दिलं नाही.